सिंहगड चढताना गुडघे दुखतात म्हणून कार्बन सायकल घ्यायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात राहता, वजन ७२ किलो. ॲल्युमिनियमची रोडबाईक आहे, शिमानो सोरा आर३००० गिअर, पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रं (५०/३४), मागे ११ ते २८ दातांच्या नऊ चक्रांचा संच (९ स्पीडची ११-२८ कॅसेट), टायर २५ मिमी, रिम ब्रेक, सायकल साडेदहा किलो भरते. डिसेंबरात पहिली २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) करायची आहे, पाचगणीपर्यंत जाऊन परत. बरोबरचे दोघे कार्बन फायबरच्या हलक्या सायकलींवर गेले आणि रविवारी राईड संपल्यावर चहाच्या टपरीवर आता ग्रॅमचीच भाषा चालते. सिंहगड चढताना तुमचे गुडघे दुखतात, साठ-सत्तर किमीनंतर दोन्ही करंगळ्या बधिर होतात, आणि दोन महिन्यांत पाच वेळा पंक्चर झालं. दीड लाख बाजूला काढलेत, तर कार्बन घ्यावी का?

आत्ता नको. तुमच्या तीन तक्रारींपैकी एकही फ्रेमच्या धातूमुळे आलेली नाही. गुडघ्यांचं कारण गिअर, बोटांचं कारण बसण्याची मापं आणि पंक्चरचं कारण टायर नि हवा. या तिन्ही गोष्टी तशाच ठेवून साडेआठ किलोची सायकल घेतलीत तर तेच गुडघे, त्याच करंगळ्या आणि तीच पंक्चर, फक्त महागात.

आधी वजनाचा हिशेब करू, कारण टपरीवर तो कोणी करत नाही. तुम्ही, सायकल, पाणी, टूलकिट मिळून ८५ किलो धरा. त्यातले २ किलो कमी केले तर चढावर फायदा साधारण अडीच टक्के. अर्ध्या तासाच्या घाटात ४०-४५ सेकंद. दिवसभरात २००० मीटर चढ असला तरी सगळी बचत पाच मिनिटांच्या आत बसते. २०० च्या बीआरएमला वेळ मिळतो साडेतेरा तास, म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी १५ किमीपेक्षाही किंचित कमी. सायकल चालवताना ताशी २० चा वेग राखलात तर दहा तास सायकलवर आणि साडेतीन तास हातात. एका हॉटेलात मिसळ यायला लागतो त्यापेक्षा कमी वेळासाठी दीड लाख मोजायचे का, ते तुम्हीच ठरवा.

आता गिअर. सायकलींची तुलना करायची असेल तर सगळ्यात आधी हा आकडा काढावा: पुढचं सगळ्यात लहान चक्र भागिले मागचं सगळ्यात मोठं. तुमचं ३४ ÷ २८ = १.२१. २५ मिमी टायरच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे पेडलच्या एका फेरीला तुम्ही २.५५ मीटर पुढे जाता. हा तुमचा सगळ्यात हलका गिअर. तो किती हलका हे चढ आणि तुमचे पाय मिळून ठरवतात.

तुमच्याकडे पॉवरमीटर (पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) नाही असं धरतो. नियमित चालवणारा तुमच्या वजनाचा माणूस तासभर १४० वॅट टिकवतो असं मानून आकडे देतो. तुमचा आकडा १२० असेल किंवा १८०, त्या प्रमाणात कमीजास्त करून घ्या. ७ टक्के चढावर १४० वॅटमध्ये ८५ किलो वर न्यायचे तर वेग येतो ताशी ७.७ किमी. ३४-२८ वर या वेगाला कॅडन्स, म्हणजे पेडलच्या मिनिटाला फेऱ्या, पडतो ५०. सिंहगडाच्या ज्या वळणांवर चढ १० टक्क्यांना टेकतो तिथे वेग साडेपाच आणि कॅडन्स ३६. ३६ म्हणजे पाय फिरवणं नाही, ते जिना चढणं झालं. प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जो दाब येतो तो कॅडन्स उतरेल तसा वाढतो, कारण वॅट तेच आणि फेऱ्या कमी. दुखणं तिथून येतं.

तुम्ही म्हणाल, वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट तर सिंहगडाइतका उभा नाही. बरोबर. ५ टक्क्यांवर ताज्या पायांनी तुम्हाला ३४-२८ वर ६७ चा कॅडन्स मिळेल आणि गिअर पुरेसा वाटेल. पण त्या दिवशी तुम्ही वाईत पोचाल ते कात्रज आणि खंबाटकी करून, पंच्याऐंशी-नव्वद किमी झाल्यावर, ऊन चढलेलं असताना. तेव्हा १४० चे ११० होतात आणि त्याच चढावर कॅडन्स ५३ वर येतो. म्हणून लांब राईडचा गिअर दमलेल्या पायांसाठी निवडायचा असतो.

मागे ११-३४ कॅसेट लावलीत तर सगळ्यात हलका गिअर ३४-३४, एका फेरीला २.१ मीटर. मघाच्याच ७ टक्के चढाला, त्याच १४० वॅटला कॅडन्स ५० चा ६१ होतो. पसरणीत ११० वॅटला ५३ चा ६४. फरक एवढाच, पण बसून, श्वास ताब्यात ठेवून चढणं आणि हँडल ओढत चढणं यांतली हद्द साधारण याच आकड्यांच्या मधे असते. १० टक्क्यांना मात्र ३४-३४ सुद्धा कमीच पडतो, तिथे उभं राहून चढायचं किंवा पुढे ४६/३० दातांचा क्रँक (पेडलच्या दांड्या आणि पुढची चक्रं) बसवायचा. पहिल्या २०० साठी तो खर्च करू नका.

आणि इथे एक गंमत आहे. रेसिंगच्या बऱ्याच कार्बन सायकली, विशेषतः चार-सहा वर्षं जुन्या सेकंडहँड, ५२/३६ आणि ११-२८ वर येतात. ३६ ÷ २८ = १.२९. तुमच्या आहे त्या सायकलपेक्षा जड गिअर. म्हणजे दीड लाख घालून गुडघ्यांचं दुखणं वाढवून घ्यायचं. मित्रांच्या सायकलींचे हे दोन आकडे पुढच्या रविवारी पाहून या.

कॅसेट बदलण्याआधी मागच्या डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाच्या) आतल्या बाजूला कोरलेला कोड वाचा. आर३००० पुढे 'जीएस' असेल तर तो लांब केजचा (केज म्हणजे डिरेलरचा खाली लोंबणारा भाग), ३४ दातांचं चक्र आणि पुढच्या-मागच्या चक्रांतला एकूण ३९ दातांचा फरक पेलतो. तुमचा हिशेब: पुढे ५० उणे ३४ म्हणजे १६, मागे ३४ उणे ११ म्हणजे २३, बेरीज बरोबर ३९. बसतं. 'एसएस' असेल तर तो आखूड केजचा, डिरेलरही बदलावा लागेल. काही दुकानांत "चालतंय, स्क्रू आवळून देतो" असं सांगतात. स्टँडवर चालतंही. रस्त्यावर चुकून पुढच्या आणि मागच्या दोन्ही सगळ्यात मोठ्या चक्रांवर गेलात की चेन ताणून डिरेलर, त्याला फ्रेमशी धरणाऱ्या हँगरसकट, मुडपतो.

चेन नवीनच घ्या, दोन कारणांनी. जुनी चेन ११-२८ साठी कापलेली आहे, सहा दात वाढले की ती आखूड पडते. आणि झिजलेली चेन नव्या कॅसेटच्या दातांवरून उडते, तेही नेमकं चढावर जोर लावताना. झीज मोजायला गेज नसेल तर साधी इंचांची पट्टी चालते: चेनची एक पिन शून्यावर धरली की १२ इंचांवर पिन यायला हवी. ती इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर झीज अर्ध्या टक्क्याला पोचली. ९ स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत ताणता येतं, पण कॅसेट बदलतच आहात तर तेवढी वाट पाहू नका.

लांबी अशी ठरवा: नवी चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या ५० वर आणि मागच्या ३४ वर गुंडाळा, टोकं जिथे भेटतात त्याच्यापुढे दोन कड्या जास्त ठेवून कापा. कॅसेट काढायला चेनव्हिप (कॅसेट फिरू न देणारं हत्यार) आणि लॉकरिंगचं (कॅसेट धरून ठेवणाऱ्या कड्याचं) टूल लागतं. परत लावताना लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळतात, घट्ट होताना कट्‌कट् आवाज येतो, तो यायलाच हवा. मग डिरेलरचा बी-स्क्रू फिरवून वरची जॉकी (डिरेलरमधलं छोटं चक्र) आणि ३४ चं चक्र यांत ५-६ मिमी फट ठेवा, घासली तर गिअर अडखळतील. शेवटी 'एल' स्क्रू, डिरेलरला स्पोककडे जास्त जाण्यापासून अडवणारा. हे काम घाईत करू नका. चाक फिरवत ३४ वर आणा आणि डिरेलर हाताने स्पोककडे ढकलून पाहा. चेन ३४ च्या पलीकडे उतरत असेल तर स्क्रू अजून आत घ्या. ही तपासणी राहिली की घाटात पहिल्यांदा हलका गिअर टाकताना चेन स्पोकमध्ये जाते, आणि मग हँगर, डिरेलर, पाच-सहा स्पोक असं सगळंच जातं.

एक तोटा सांगून ठेवतो. ११-३४ मध्ये मधल्या उड्या मोठ्या असतात. २० वरून १७ वर आलात की ९० चा कॅडन्स ७७ वर येतो. सपाटीला ग्रुपमागे चालताना हे खटकतं. सवयीने जातं, पण टपरीवर कोणीतरी बोलून दाखवेलच.

गुडघ्याबद्दल आणखी थोडं, कारण सगळा दोष गिअरचा नसेलही. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली असण्याची शक्यता जास्त, मागच्या खळग्यात ओढ बसत असेल तर वर. सुरुवातीचं माप असं काढा: अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, एखादं जाड पुस्तक जांघेत सीटसारखं वर दाबून धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंमी आलं तर ७०.६. हे अंतर बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्या आसावर फिरतो त्याच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीट ट्यूबच्या रेषेत मोजायचं. हे सूत्र सुरुवातीपुरतं, अंतिम माप नव्हे. तिथून पुढे एका वेळी ५ मिमीपेक्षा जास्त हलवू नका, आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन राईड जाऊ द्या. गिअर आणि सीट दोन्ही बदलूनही दुखणं राहिलं, किंवा सायकल नसतानाही जिना उतरताना दुखत असेल, तर तो डॉक्टरांचा विषय आहे.

करंगळ्या बधिर होतात, शेजारच्या बोटाची अर्धी बाजूही होत असेल. त्या बोटांकडे जाणारी नस तळव्याच्या बाहेरच्या कडेने जाते आणि हूड्सवर (ब्रेकच्या मुठींवर) हात ठेवला की नेमका तिथेच भार पडतो. लोक लगेच जेलचे ग्लोव्ह्ज आणि जाड बारटेप घेतात. त्याने थोडा आराम पडतो, पण भार तिथेच राहतो. तो कुठून आला ते आधी बघा. बहुतेक वेळा सीटचं नाक खाली झुकलेलं असतं: माणूस पुढे घसरतो आणि दर मिनिटाला हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. स्पिरिट लेव्हल, नाहीतर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप सीटवर ठेवा. सपाट करा, फार तर एक-दोन अंश खाली. तेवढ्याने बऱ्याच लोकांचं काम होतं.

नाही झालं तर हँडल लांब किंवा खाली आहे. स्टेमवर (हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्यावर) १०० मिमी लिहिलेलं असेल तर ८० किंवा ९० चा लावून बघा, उलटा बसवला तर हँडल वरही येतं. स्टेम परत लावताना क्रम चुकवू नका. आधी वरच्या टोपीचा स्क्रू, तोही हँडल मोकळं फिरेल आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवल्यावर खटका जाणवणार नाही इतपतच. स्टेमचे बाजूचे बोल्ट त्यानंतर, ५ न्यूटन-मीटरच्या आसपास. उलट केलं की हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला राहतो आणि उतारावर हँडल थरथरतं. बाकी दर दहा-पंधरा मिनिटांनी हात हूड्सवरून वर, वरून ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वाकांवर) असे बदलत राहायचं आणि कोपर किंचित वाकलेलं ठेवायचं. फुकटचा उपाय आहे, म्हणून कोणी करत नाही.

पंक्चर. पाच पंक्चर झाली, पण प्रत्येक वेळी भोक कुठे होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. पुढच्या वेळी ट्यूब काढून हवा भरा आणि बघा. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर खड्ड्याच्या कडेवर रिमने ट्यूब चावली, म्हणजे हवा कमी होती. भोक आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप (रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकली आहे. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काच किंवा तार.

हायवेच्या कडेने जाणाऱ्यांना तारच जास्त सतावते. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून केसासारख्या पोलादी तारा निघतात आणि त्या शोल्डरवर पडून असतात. टायरमध्ये घुसलेली तार वरून दिसत नाही. ट्यूब बदलून निघालात की वीस मिनिटांत परत तेच, आणि आपण नव्या ट्यूबला शिव्या घालतो. पाचांतली दोन-तीन एकाच तारेने केलेली असणं अगदी शक्य आहे. म्हणून टायर बसवताना त्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवा. पंक्चर झालं की ट्यूब टायरशेजारी धरायची. व्हॉल्व्हपासून भोक जितक्या अंतरावर, तितक्याच अंतरावर टायरमध्ये तार शोधायची. व्हॉल्व्हच्या डावीकडे-उजवीकडे दोन्ही बाजूंना बघा, ट्यूब उलटी धरली गेलेली असू शकते. आतून कापडाचा तुकडा फिरवा, अडकेल तिथे थांबा. उघडं बोट फिरवू नका. तार काढायला टूलकिटमध्ये भुवयांचा चिमटा ठेवा, नखांनी ती निघत नाही.

टायर २८ मिमीचे घ्या, पण आधी ब्रेक आणि फ्रेममध्ये जागा मोजा. टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर ४ मिमी तरी मोकळं हवं. रिम ब्रेकच्या काही सायकलींत २८ जेमतेम बसतो आणि पावसाळ्यात चिखल अडकला की घासतो, तसं असेल तर २५ वरच राहा. हवेचा दाब: ७२ किलोच्या माणसाला, ट्यूब असलेल्या २८ ला पुढे ६५ आणि मागे ७० पीएसआयपासून सुरुवात करा, २५ ला पुढे ७५, मागे ८०. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादा सांगतो. तो पाहून ११० भरणारे बरेच असतात, आणि मग हात दुखायला लागले की "ॲल्युमिनियम कडक असतं हो" म्हणून फ्रेमला दोष देतात. तुमच्या करंगळ्यांतही याचा वाटा असू शकतो. साध्या ट्यूबमधून एका दिवसात दोन-चार पीएसआय आपोआप जातात, तेव्हा लांब राईडच्या सकाळी फ्लोअर पंपाने मोजूनच निघा. अंगठ्याने दाबून ६० आणि ८० यांतला फरक कळत नाही.

चेनला तेल: डिसेंबरात आपल्याकडे धूळ असते, पावसाळ्यातलं जाड तेल ठेवलंत तर धूळ धरून ते पॉलिश पेपरसारखं चेन खातं. कोरड्या हवेचं ल्यूब घ्या, आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब, रात्रभर मुरू द्या, सकाळी बाहेरून कोरडं पुसा. थेंब रोलरच्या आत हवा, बाहेरची चमक फक्त धूळ गोळा करते.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हात त्यातली एक बाटली ओआरएसची, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच. निम्मं पाकीट, दुप्पट पाकीट असले प्रयोग नकोत. तासाला ४० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट: एक केळं साधारण २५ ग्रॅम, वर एखादी चिक्की. भूक लागायची वाट पाहिलीत तर पसरणीच्या पायथ्याशी टाकी रिकामी असते. दिवे, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, हेल्मेट हे नियमातच आहे. दिव्यांची बॅटरी पूर्ण साडेतेरा तासांच्या हिशेबाने बघा, परतताना अंधार होणार.

कामाचा क्रम असा ठेवा: सीटचा कोन आणि उंची या आठवड्यात, त्याला पैसे लागत नाहीत. मग टायर, नवीन रिमटेप आणि हवा. मग कॅसेट, चेन आणि लागलाच तर डिरेलर. हे सगळं काही हजारांत होतं. बीआरएमच्या तीन आठवडे आधी हात थांबवा. त्यानंतर नवीन सीट, नवीन शूज, नवीन क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) काही नको. सीटपोस्टवर इन्सुलेशन टेपची एक पट्टी गुंडाळून उंचीची खूण करा, घाईत सीटपोस्ट काढला तरी माप हरवत नाही. मग खंबाटकीसह १२०-१३० किमीची एक राईड त्याच बॅगेसह, त्याच वजनाने करा आणि घाटाच्या वरच्या निम्म्या भागात कॅडन्स किती राहिला ते लिहून ठेवा.

बीआरएम झाल्यावरही नवी सायकल हवीशी वाटली तर जरूर घ्या, हौस हेही कारण पुरेसं आहे. तेव्हा ३२ मिमी टायरची जागा, डिस्क ब्रेक आणि मागे ३४ चं चक्र एवढं तपासा. आणि आत्ताच्या सायकलवर हात-गुडघे शांत झाल्यावरची मापं वहीत टिपून दुकानात न्या: सीटची उंची, सीटच्या नाकापासून हूड्सपर्यंतचं अंतर, हूड्स सीटपेक्षा किती खाली. नव्या सायकलवर ही तीन मापं मिळत नसतील तर दुसरा साईज काढायला सांगा.